नाहीतरी होणारच होतं

विज्ञानाचे निकाल हात वर करून लागतात, हे मला डिसेंबर २०२५ मध्ये कळलं. तोवर माझी भाबडी समजूत अशी, की प्रयोग करायचा, मोजमाप करायचं, स्वतःचीच चूक शोधायची, पुन्हा मोजायचं आणि मग काय ते बोलायचं. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने माझ्या डोळ्यांत अंजन घातलं. आठ विरुद्ध तीन. खेळ खलास. १९९१ पासून त्या देशात सरसकट सगळ्या बाळांना हेपटायटिस बीची लस देत आले, पुढे ती जन्मल्याजन्मल्याच टोचावी हा दंडक पक्का झाला, आणि आता ठरलं ते असं: आईची तपासणी निगेटिव्ह असेल तर लस द्यायची की नाही ते आईबापांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, आणि जन्मतः द्यायची नसेल तर निदान दोन महिने तरी कळ काढावी.

दोनच महिने का? तीन का नाही? चातुर्मास संपेपर्यंत का नाही? विचारू नका. मतदान झालंय.

हे मतदार कोण, तेही ऐकून ठेवा. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी या समितीतले सगळेच्या सगळे १७ सदस्य एका झटक्यात घरी पाठवले आणि आपल्या पसंतीची मंडळी आणून बसवली. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीच्या निवडणुकीत जिंकलेलं पॅनेलसुद्धा विरोधकांतला एखादा शिल्लक ठेवतं. भांडायला कुणीतरी लागतं म्हणून. इथे तेवढीही रसिकता नाही. आणि या नव्या विद्वत्सभेचं पालुपद काय? ‘पुरेसं संशोधन झालेलं नाही.’

वा! चाळीस वर्षं, शंभरावर देश, कोट्यवधी बाळं. एवढ्यावर ज्यांचं समाधान होत नाही त्यांना संशोधन नको असतं, मुदतवाढ हवी असते. सरकारी कचेरीत काम अडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता थोडं विषाणूकडे वळू, कारण या सगळ्या प्रकरणात सरळ वागणारा तो एकटाच आहे. हेपटायटिस बीच्या विषाणूचं सगळं जनुकीय बाड म्हणजे जेमतेम ३२०० अक्षरं. हा लेख त्याहून कितीतरी लांब आहे. एवढ्या भांडवलावर हे महाशय जगभर धंदा करतात. २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोकांच्या यकृतात त्यांचा मुक्काम होता, त्यातले जवळपास तीन कोटी भारतात. चीननंतर आपलाच नंबर. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. अशा रुग्णांतल्या फक्त १३ टक्क्यांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ता आहे. उरलेले मजेत आहेत. यकृत हा फार सोशीक अवयव; बोंब मारत नाही, आणि मारतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

या विषाणूची सगळी मेख वयात आहे. धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगात तो शिरला, तर शंभरातल्या पंचाण्णवांचं शरीर त्याला काही महिन्यांत हाकलून देतं. आजारी पडतील, पिवळे पडतील, पण सुटतील. तोच विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाला गेला, तर शंभरातली नव्वद बाळं त्याला जन्मभर सांभाळतात. आपला कोण नि परका कोण हे त्या वयात शरीराला उमगलेलं नसतं. पुढे पंचवीस-तीस वर्षं सगळं शांत. मग ऐन उमेदीत पोट फुगतं, पाय सुजतात, रक्ताची उलटी होते. सिरॉसिस नाहीतर यकृताचा कर्करोग. लहानपणी लागण होऊन आजार चिकटलेल्या चौघांतला एक जण यातच जातो.

म्हणून ती लस पहिल्या चोवीस तासांत. विषाणू शरीरात बस्तान बसवायच्या आत. यात शुभ-अशुभ नाही, हौस नाही, कंपनीचं कारस्थान नाही. नुसती शर्यत आहे.

‘पण आई निगेटिव्ह असेल तर?’ असं आपले आठ मतदार विचारतात आणि मोठा पेच टाकल्यासारखं बघतात. अहो, आईची तपासणी तिसऱ्या महिन्यात झाली आणि लागण सातव्या महिन्यात झाली तर? रिपोर्ट दुसऱ्याच बाईचा लागला तर? आणि बाळ काय एकट्या आईच्या मांडीवर वाढतं? बाप आहे, आजी आहे, मामा आहे, सांभाळायला येणारी बाई आहे. यातल्या कुणाची तपासणी झालीय? हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवस टिकून राहतो. नखं कापायचं कटर, दाढीचं ब्लेड, खरचटलेला गुडघा, त्याला काहीही चालतं. अमेरिकेने ‘फक्त धोक्यातल्यांना लस’ हा शहाणपणा ऐंशीच्या दशकात करून पाहिला होता. फसला, म्हणूनच १९९१ साली सरसकट लस आली. म्हणजे जो धडा त्यांनी स्वतःच्या खर्चाने शिकून घेतला होता, तोच आता ‘अभ्यासाअभावी’ पुसून टाकला.

आणि अभ्यासाअभावी म्हणता? या रोगाइतका अभ्यास, आणि तोही दुसऱ्यांच्या अंगावर केलेला, फार थोड्या रोगांच्या वाट्याला आला असेल. बरूक ब्लमबर्ग नावाचे संशोधक रक्तातल्या आनुवंशिक फरकांमागे लागले होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. १९६५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि थोड्याच वर्षांत कळलं, की हे तर काविळीच्या विषाणूचं बाहेरचं कवच. १९७६ चं नोबेल ब्लमबर्गना मिळालं. ज्याचं रक्त होतं त्या माणसाचं नाव मी कुठे वाचलेलं नाही. आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये अजूनही ‘ऑस्ट्रेलिया अँटीजेन’ अशी तपासणी मिळते, आणि रिपोर्ट घेऊन आलेला पेशंट काकुळतीने सांगतो, ‘डॉक्टर, मी कधी परदेशात गेलेलोच नाही हो.’

पण खरी गोष्ट विलोब्रुकची. जरा थांबून सांगते.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक स्टेट स्कूल नावाची सरकारी संस्था होती. नाव शाळेचं, काम कोंडवाड्याचं. मतिमंद म्हणून शिक्का बसलेली हजारो मुलं क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त संख्येने तिथे भरलेली. घाण इतकी की आत गेलेल्या मुलाला कावीळ होणार हे जवळपास ठरलेलं. तिथे १९५६ पासून सॉल क्रुगमन या बालरोगतज्ज्ञांनी संशोधन मांडलं. काय केलं? मुलांना मुद्दाम कावीळ दिली. सुरुवातीला आजारी मुलांच्या मलातून काढलेला विषाणू पाजून, पुढे विषाणू असलेला रक्तद्रव टोचून. आईबापांची संमती होती, हे कागदोपत्री अगदी खरं. १९६४ च्या अखेरीस संस्थेत नवा प्रवेश बंद झाला. फक्त संशोधनाच्या वॉर्डात तेवढी जागा शिल्लक होती. सही करा, मूल आत. नाही केलीत तर न्या परत घरी. संमतीचा एवढा मोकळा, स्वच्छ आणि खेळीमेळीचा व्यवहार आपल्याकडे फक्त बिल्डर करतात.

टीका झाली तेव्हा क्रुगमनांचा बचाव तयार होता: ही मुलं तिथे राहिली असती तर त्यांना नाहीतरी कावीळ झालीच असती. आम्ही निदान चांगल्या वॉर्डात, देखरेखीखाली दिली.

या ‘नाहीतरी’वर बोट ठेवून वाचा. पुढे पुन्हा लागणार आहे.

वाईट भाग असा की त्या संशोधनातून खरोखर ज्ञान मिळालं. दोन प्रकारच्या काविळी वेगळ्या आहेत हे तिथे पक्कं झालं. आणि क्रुगमनांनी विषाणू असलेला रक्तद्रव पाण्यात एकास दहा मिसळून मिनिटभर उकळला आणि टोचला, तर तो पुष्कळशा मुलांना पुढच्या लागणीपासून वाचवतो असं १९७१ मध्ये दाखवलं. म्हणजे लसीचा पहिला ओबडधोबड नमुना. क्रुगमनांना १९८३ साली लास्कर पारितोषिकही मिळालं. मुलांना काय मिळालं ते वर आलंच आहे. ज्यांना ‘अजून संशोधन हवं’ असं उठसूट वाटतं, त्यांनी या मुलांची आठवण ठेवून वाटून घ्यावं, एवढीच माझी नम्र सूचना.

आता योगायोग बघा. १९६५ मध्ये एका सिनेटरने विलोब्रुकला अचानक भेट दिली आणि बाहेर येऊन ती संस्था म्हणजे सापांचा खड्डा आहे, अशा अर्थाचं बोलून देशभर खळबळ उडवून दिली. त्या सिनेटरचं नाव रॉबर्ट केनेडी. होय, तेच. आपल्या मंत्रिमहोदयांचे तीर्थरूप. बापाने खड्डा दाखवला. चिरंजीव साठ वर्षांनी त्यावरचं झाकण काढून ठेवतायत. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून कापलं असतं.

विलोब्रुकनंतरची कामं मी भराभर सांगते, कारण त्यात भानगडी कमी आणि कष्ट जास्त आहेत. पामर बीझली यांनी तैवानमधल्या २२,७०७ पुरुषांवर नजर ठेवली. विषाणू बाळगणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट निघाला. दोनशे तेवीस. टक्के नव्हे, पट. १९८१ साली हे छापून आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत मॉरिस हिलमन यांच्या हाताखाली मर्क कंपनीत तयार झालेल्या पहिल्या लसीला परवाना मिळाला. ती माणसाच्या रक्तद्रवातून काढलेली होती. १९८६ मध्ये यीस्टकडून बनवून घेतलेली आली. यीस्ट म्हणजे तेच, पावाचं पीठ फुगवणारं. त्याच्याकडून विषाणूचं नुसतं रिकामं कवच करून घ्यायचं. आत विषाणू नाहीच, त्यामुळे लसीने रोग व्हायचा प्रश्नही नाही.

तैवानने १९८४ मध्ये बाधित आयांच्या बाळांपासून सुरुवात केली आणि दोन वर्षांत सगळ्याच बाळांना लस लागू केली. तिथे दहातल्या एका मुलाच्या रक्तात हा विषाणू असायचा. लसीनंतर जन्मलेल्या पिढीत हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं, आणि लहान मुलांमधला यकृताचा कर्करोग दहा-बारा वर्षांत निम्म्यावर उतरला. कर्करोग, बरं का! जो टाळायला आपण हळद, गोमूत्र, अल्कलाइन पाणी आणि सकारात्मक विचार अशी चौफेर आघाडी उघडली आहे, तो एका सुईने टळला. सिद्ध झालं, छापून आलं, संपलं.

संपलं? कुठलं! डिसेंबर २०२५ मध्येच बातमी आली, की अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने डॅनिश संशोधकांना १६ लाख डॉलर दिले आहेत. कशासाठी? पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये १४,००० नवजात बाळांवर प्रयोग करायला. काही बाळांना जन्मतः हेपटायटिस बीची लस द्यायची, काहींना नाही, आणि काय होतं ते बघायचं. काय होणार? ज्या देशात पाच-सहा प्रौढांमागे एकाच्या अंगात हा विषाणू आहे, तिथे लस न दिलेल्या बाळांचं काय होतं हे कळायला डॉलर कशाला हवेत? टपाल खर्च द्या, मी पत्राने कळवते.

आणि समर्थन काय, तर त्या देशात लस नाहीतरी सहाव्या आठवड्यापासूनच देतात, तेव्हा न दिलेल्या बाळांचं आम्ही काहीच हिरावून घेत नाही. आलं ना लक्षात? नाहीतरी. क्रुगमनांचं गंगाजळ नव्या बाटलीत. गरीब देशाकडे जे आज नाही, ते त्याला मिळवून द्यायचं नाही; नसण्याचाच फायदा घेऊन त्यावर प्रबंध लिहायचा. शेवटी आफ्रिकेतूनच एवढा ओरडा झाला, की तिथल्या सरकारला हा प्रयोग रोखून धरावा लागला.

यातला डॅनिश तपशील मला फार गोड वाटतो. डेन्मार्कमध्ये सगळ्या नवजातांना ही लस देत नाहीत, म्हणून अमेरिकन लसविरोधकांना डेन्मार्क म्हणजे काशी. अहो, डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची ९४ लाख होती. तिथे प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होते, तिचा रिपोर्ट बाळाच्या आधी दवाखान्यात पोचतो आणि हरवत नाही. ज्यांच्याकडे कागद हरवत नाहीत त्यांनी खुशाल निवडक लस द्यावी. ज्या अमेरिकेत दवाखाना बदलला की फाइल मागे राहते आणि विमा बदलला की डॉक्टर, तिने कुणाच्या जिवावर डेन्मार्क व्हायचं?

दुसऱ्यांच्या अंगावरच्या या प्रयोगांवरून आठवलं. मुंबईत प्लेग पेटला होता तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग इतरांच्या. (इतर म्हणजे भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी, हा भाग आपण परळच्या हाफकिन संस्थेचा इतिहास सांगताना जरा आवाज उतरवून सांगतो. पण निदान क्रम तरी सभ्य होता.)

एव्हाना तुम्हाला अमेरिकेवर हसून हसून बरं वाटलं असेल. मलाही वाटलं. आता घरी या.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. अमेरिकेतल्या त्या मतदानाची बातमी त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली: ‘शेवटी सत्य बाहेर आलेच! एवढ्याशा कोवळ्या जिवाला सुया टोचणे थांबवा.’ खाली हात जोडलेले, आणि फुलं. हेच गृहस्थ जरा कणकण वाटली की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन ‘डॉक्टर, गोळ्या नकोत, एक इंजेक्शन मारा आणि अशक्तपणाला सलाइन लावा’ म्हणून हटून बसतात. नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर यांच्या लेखी डॉक्टरच नव्हे. दंडात सुई गेली, जरा दुखलं, की पैसे वसूल.

या सुईप्रेमाची किंमत मोजलेली आहे. २००० साली जगभरात असुरक्षित इंजेक्शनांतून दोन कोटींवर लोकांना हेपटायटिस बीची लागण झाल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे त्यानंतर देशभर पाहणी झाली, तेव्हा शंभरातली जवळपास ६३ इंजेक्शनं असुरक्षित निघाली. २००९ च्या सुरुवातीला गुजरातेत मोडासा गावात आणि आसपास हेपटायटिस बीची साथ आली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरण्यापर्यंत तिचा माग लागला, आणि डझनावारी माणसं मेली. त्यानंतर कुणाच्या ग्रुपवर ‘ताकदीची इंजेक्शनं थांबवा’ असा संदेश आला? माझ्या तरी नाही. कोवळ्या जिवाला निर्जंतुक सुई नको, जून जिवाला कसलीही चालते.

आणि कोवळ्या जिवाच्या गोष्टी आपण कुणाला सांगतोय? बाळ जन्मल्यापासून त्याच्या तोंडात काय काय जातं, बघा. बोटाने मध. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, सहाण कुणी कधी धुतली ते विचारायचं नाही. डोळ्यांत काजळ. बाराव्या दिवशी सोनार घरी येतो, पिशवीतून तार काढतो, आणि किंचाळणाऱ्या बाळाचे दोन्ही कान टोचून पेढा खाऊन जातो. या उपक्रमाची यादृच्छिक नियंत्रित चाचणी कधी झाली होती? सोनाराने तार उकळली होती का, एवढं विचारायचीही कुणाची प्राज्ञा नाही. अपशकुन होतो.

कावीळ झाल्यावर तर विचारूच नका. शिकलीसवरलेली माणसं गाडी काढून ऐंशी किलोमीटरवरच्या गावात ‘माळ’ घालायला जातात. कसल्याशा वनस्पतीच्या ओल्या काड्यांची लहानशी माळ डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर येते, कावीळ उतरली! काड्या सुकल्या की आकसतात, विशिष्ट गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हे करून दाखवतात. माळ खांबाला घातली तरी लांबते. खांबाची कावीळ उतरली म्हणावं. गंमत अशी, की साध्या काविळीचे बहुतेक रोगी आपोआप बरे होतात आणि श्रेय माळेला जातं. उरलेल्यांत एखादा हेपटायटिस बीचा असतो. त्याचं पिवळेपण उतरतं, विषाणू उतरत नाही, आणि ‘मी तर तेव्हाच बरा झालो’ म्हणून तो पुढची वीस वर्षं तपासणी करत नाही.

बरं, आपले तज्ज्ञ? त्यांचाही मान राखायला हवा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हेपटायटिस बीच्या लसीची शिबिरं गल्लोगल्ली लागली होती. सोसायटीच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात, ‘एड्सपेक्षा शंभरपट संसर्गजन्य’ असा फलक लावून. रांगेत कोण? पंचेचाळीस वर्षांचे, पोट सुटलेले, पैसे देऊ शकणारे. म्हणजे ज्यांच्या शरीराने विषाणूला बहुतेक करून हाकलूनच दिलं असतं असे. आणि त्याच सोसायटीत भांडी घासायला येणाऱ्या बाईचं चार दिवसांचं बाळ? त्याच्यासाठी शिबिर नव्हतं. त्या बाजाराविरुद्ध पुण्यामुंबईच्या काही अभ्यासू डॉक्टरांनी झोड उठवली ती रास्त होती. पण तिथून काही जण ‘मग सरसकट लस हवीच कशाला, फक्त बाधित आयांच्या बाळांना द्या’ इथे जाऊन पोचले. डेन्मार्कलाच की! ज्या देशात गरोदर बाईचं हिमोग्लोबिन वेळेवर तपासून होत नाही, तिथे म्हणे एचबीएसएजी (म्हणजे तेच ते ऑस्ट्रेलिया अँटीजेन) तपासून निवडक बाळं शोधणार.

तोवर १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि आयात लसींचे भाव धाडकन कोसळले. परवडत नाही हे कारण संपलं. सरकारने २००२ मध्ये काही शहरं आणि जिल्ह्यांत लस सुरू केली, ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. जन्मतः नव्हे! चोर रात्री येणार हे माहीत असताना रखवालदार सकाळी ठेवला. युक्तिवाद असा, की आपल्याकडे आईकडून होणारी लागण नाहीतरी कमी, भावंडांकडून जास्त. घ्या. पुन्हा नाहीतरी. पुढे जन्मतःचा डोस आला, २०११-१२ पर्यंत लस देशभर झाली, आणि आता वेळापत्रकात स्वच्छ छापलंय: जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत.

छापलंय. माझ्या भाचीचं बाळंतपण एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झालं, शनिवारी संध्याकाळी. भिंतीवर वेळापत्रक होतं, काचेच्या चौकटीत. रविवारी सकाळी मी विचारलं, “सिस्टर, बाळाचा कावीळचा डोस?”

“सोमवारी, काकू. फ्रिजच्या खोलीची किल्ली फार्मासिस्ट सरांकडे असते.”

“सर कुठे आहेत?”

“गावाला. आणि असते तरी एका बाळासाठी बाटली कशी फोडू? दहा डोसची असते. बाकीचे नऊ वाया गेले की वेस्टेज कोण दाखवणार?”

मी म्हटलं, अहो, ही लस उघडली तरी नीट ठेवली तर २८ दिवस चालते, तुमच्याच खात्याचा नियम आहे. सिस्टरने माझ्याकडे दयेने पाहिलं. “नियम आहे हो काकू. पण ऑडिटवाले नियम वाचून येत नाहीत.” आणि मग, माझी समजूत घालायला: “नाहीतरी दीड महिन्याने पेंटा आहेच की, त्यात हीपण लस असते.”

तिचा राग करू नका. तिला एकटीला तीन वॉर्ड होते आणि ती सकाळपासून चहासुद्धा प्यायली नव्हती. राग करायचाच तर त्या व्यवस्थेचा करा, जिला वाया गेलेले नऊ डोस रजिस्टरमध्ये दिसतात आणि वाया गेलेलं यकृत दिसत नाही, कारण ते तीस वर्षांनी दुसऱ्याच कुठल्या तरी दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये चढतं. अमेरिकेला पहिले चोवीस तास घालवायला समिती बरखास्त करावी लागली, मतदान घ्यावं लागलं, जगाची बोलणी खावी लागली. आम्ही एका किल्लीत भागवतो.

२८ जुलैला मात्र आमची तयारी जय्यत असते. ब्लमबर्ग यांचा वाढदिवस म्हणून तो जागतिक हेपटायटिस दिन. २०१८ साली याच दिवशी राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि ही खरोखर चांगली गोष्ट आहे; फक्त ती रोग्यांना कुणी सांगत नाही. त्याऐवजी नर्सिंगच्या मुली पावसात फलक घेऊन फेरी काढतात, दीपप्रज्वलन होतं, २०३० पर्यंत निर्मूलनाची शपथ होते, आणि प्रमुख पाहुणे यकृताचं महत्त्व सांगून वडापाव खातात.

हेपटायटिस बी या देशात कोण शोधतं मग? एक म्हणजे ऑपरेशनच्या आधी दवाखाना. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की डॉक्टरांचा चेहरा पालटतो, ऑपरेशन पुढे ढकललं जातं किंवा बिलात ‘स्पेशल किट’ चढतं. वास्तविक प्रत्येक रोग्याचं रक्त बाधित समजूनच काम करायचं, असं शल्यक्रियेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि हात आखडणाऱ्या त्या डॉक्टरांनी स्वतः लसीचे तिन्ही डोस घेतलेले असतात.

आणि दुसरं म्हणजे आखात. रत्नागिरी-रायगडकडची किती तरी पोरं वेल्डर, ड्रायव्हर, फिटर म्हणून तिकडे जातात. पासपोर्ट, एजंट, व्याजाने घेतलेले पैसे, सगळं जमलं की व्हिसाआधी वैद्यकीय तपासणी. त्यात हा विषाणू सापडला की एकच इंग्रजी शिक्का: अनफिट. पोरगा चोवीस-पंचवीसचा, अंगाने घोडा. त्याला कसलाही त्रास नाही, कधी कावीळ झालेली आठवत नाही. कुणाकडून आला म्हणून तो विचारतो. आईची तपासणी करा म्हटलं तर चिडतो. त्याचं जन्मतःचं कार्ड मागितलं तर पोलिओच्या चौकटीत तारीख आहे, बीसीजीच्या चौकटीत आहे, मधली एक चौकट कोरी. सेंटरवाला सांगतो, फी परत मिळत नाही. एजंट सांगतो, घाबरू नकोस, दुसऱ्याचं रक्त देऊन तपासणी करून देणारा एक माणूस आहे, त्याचे वेगळे पडतील.